दूध सोडले, मग चप्पल चामड्याची कशी?

मांस-अंडी तर नाहीच, पण दूध, दही, तूपही वर्ज्य करणारी मंडळी आता लहान गावांतही दिसू लागली आहेत. त्यांना ‘व्हीगन’ म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. अशा व्यक्तीला घरात विचारले जाते, ‘मग चप्पल चामड्याची कशी?’, ‘झाडांना जीव नसतो का?’

झाडांची ही काळजी भाजी चिरताना कुणाला आठवत नाही. आणि चप्पल चामड्याची असली, म्हणून दूध घ्यावे की न घ्यावे याचे उत्तर मिळत नाही. विडी ओढणारा डॉक्टर ‘विडी सोडा’ म्हणाला, तर त्याचे वागणे चूक; सल्ला चूक नव्हे.

महात्मा गांधींनी १९१२ साली दूध सोडले. १९१८ मध्ये आमांशाने ते फार खंगले आणि पुढे कस्तुरबांनी सुचवल्यावरून शेळीचे दूध घेऊ लागले. व्रताचा शब्द पाळला, पण भावना मोडली, ही खंत त्यांनी आत्मकथेत नोंदवली. ढोंगी माणूस तडजोड लपवतो, लिहून ठेवत नाही.

टोमण्यांचा खरा तोटा मला दवाखान्यात दिसतो. वनस्पतिजन्य आहारातून ‘ब-१२’ जीवनसत्त्व भरवशाने मिळत नाही. शरीरातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून कमतरता उशिरा कळते. हातापायांना मुंग्या, थकवा, लाल जीभ, विसरभोळेपणा ही तिची लक्षणे. फार उशीर झाल्यास मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. पण ‘बघ, सांगितलं नव्हतं?’ हे ऐकावे लागेल, या धास्तीने अशी माणसे मुंग्या येतात हे घरी सांगतच नाहीत. खरे तर ही कमतरता दूध पिणाऱ्या शाकाहारी लोकांतही आपल्याकडे सर्रास आढळते.

उलट बाजूनेही ‘दूध म्हणजे विष’ असे सांगितले जाते. तेही खरे नाही.

तेव्हा वाचकहो, दूध सोडायचे असेल तर ‘ब-१२’ची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्या, रक्त तपासून घ्या. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ आणि प्रथिनांसाठी डाळी, उसळी, शेंगदाणे आहारात ठेवा. गर्भवती आणि लहान मुलांच्या बाबतीत तर आधी डॉक्टरांना विचारा. घरच्यांनी चपलेची चौकशी पुढे कधीतरी करावी. आधी पायाला मुंग्या येतात का, हे विचारावे.