परदेशी सून घरात आली, पण व्हिसाचं काय?

वर्धा : डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी आपल्याकडची पोरं आता चीन, रशियापर्यंत जातात. कुणाचं तिकडेच जमतं. घरचे आधी जातीपातीचा, जेवणाखाण्याचा विचार करतात, व्हिसाचा सगळ्यात शेवटी. खरं तर तो आधी करायला पाहिजे. भारतीयाशी लग्न केलं म्हणून परदेशी जोडीदाराला इथं राहायचा हक्क आपोआप मिळत नाही.

उदाहरण फार लांबचं नाही. तुमसरहून रेल्वे जाते ते तिरोडी, बालाघाट जिल्ह्यातलं गाव. वांग छी हा चिनी सैनिक १९६३ मध्ये भारताच्या हद्दीत सापडला, काही वर्षं तुरुंगात राहिला आणि मग त्याला तिरोडीत आणून सोडलं. तिथं त्यानं पिठाच्या गिरणीत काम केलं, गावच्या सुशीलाशी लग्न केलं, लेकरं झाली. गाव त्याला राज बहादूर म्हणायचं. तरी तो कागदावर परकाच राहिला. चीनचा पासपोर्ट त्याला २०१३ मध्ये मिळाला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये, पन्नासहून जास्त वर्षांनी, तो माहेरची माणसं पाहायला जाऊ शकला. बायको भारतीय, लेकरं भारतीय, तरी ही गत.

वांग छीची गोष्ट युद्धातली, पण साध्या लग्नातही कागद लागतातच. लग्न इथं करायचं तर विशेष विवाह कायदा, १९५४ आहे. दोघांपैकी एक जण जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा, आणि नोटीस दिल्यावर आणखी ३० दिवस थांबावं लागतं. सून टुरिस्ट व्हिसावर आली असेल तर तिचे दिवस यातच निघून जातात, म्हणून तारखा मोजूनच तिकीट काढा. नोंदणीचं प्रमाणपत्र हाती आलं की भारतीयाच्या जोडीदारासाठीचा ‘एक्स’ म्हणजे एन्ट्री व्हिसा मागता येतो. टुरिस्ट व्हिसा त्यात बदलून घ्यायची सोयही आहे. अर्ज ई-एफआरआरओ पोर्टलवर करायचा. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालय पाहतं. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. परदेशी माणूस घरी उतरला तर २४ तासांत तशी माहिती कळवायची असते, हे तर बहुतेकांना माहीतच नसतं.

एक्स व्हिसावर थेट नोकरी करता येत नाही. लग्नाची नोंदणी होऊन दोन वर्षं झाली, संसार चालू असला, की ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. जोडीदाराची सुरक्षा तपासणी मात्र कायद्यानंच सक्तीची आहे. कार्ड मिळालं की वारंवार व्हिसाची कटकट संपते. पण घटस्फोट झाला तर कार्ड रद्द होऊ शकतं. नागरिकत्व हवं असेल तर भारतात सात वर्षं राहिल्यावर अर्ज करता येतो. मग जुना पासपोर्ट सोडावा लागतो, कारण दुहेरी नागरिकत्व ना भारत देतो ना चीन.

आता उलट बाजू. आपली लेक चिनी माणसाशी लग्न करून तिकडे राहणार असेल तर ‘क्यू-१’ व्हिसा लागतो. चीनमध्ये उतरल्यावर ३० दिवसांत पोलिसांकडून निवास परवाना काढायचा. त्यावर काम करता येत नाही, त्यासाठी वेगळी परवानगी लागते. ‘क्यू-२’ फक्त भेटीपुरता, १८० दिवसांपर्यंत. जावई भारतीयच आणि तिकडे नोकरीला असेल तर ‘एस-१’. कायमचं राहायचं असेल तर लग्नाला पाच वर्षं आणि सलग पाच वर्षं मुक्काम, वर्षाला किमान नऊ महिने, अशी अट आहे. म्हणजे दरवर्षी दिवाळीपासून होळीपर्यंत माहेरी राहिलं तर हिशोब बिघडतो.

मुदत संपूनही थांबणं महागात पडतं. भारतात सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड आहे.

शेतकरी घरांसाठी एक गोष्ट राहिली. ओसीआय कार्ड असलं तरी सुनेच्या नावानं शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्कानं आलेली जमीन तेवढी तिच्या नावावर लागू शकते.