यमुना : माहेरी राहिलेलं नाव

माझ्या आजीला ‘यमू’ म्हणणारा एकच माणूस मी पाहिला, तिचे थोरले भाऊ. भाऊबिजेच्या सकाळी पहिल्या एस.टी.नं ते यायचे आणि पायातल्या वहाणा काढायच्या आधीच हाक मारायचे, “यमे, आलो गं!” एरवी कधी न धावणारी आजी ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत बाहेर यायची.

रेशनकार्डावर आणि सातबाऱ्यावर आजी लक्ष्मीबाई होती. घरात ती कुणाची वहिनी, कुणाची काकू, आमची आजी. लग्नात परातीतल्या तांदळांवर अंगठीनं गिरवलेलं नवं नाव घेऊन ती या घरात आली आणि ‘यमुना’ माहेरी राहिली. माहेरहून आलेल्या तांब्याच्या गडूच्या काठाखाली मात्र ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली तीन अक्षरं होती : यमुना. चिंचेनं घासून घासून ‘ना’चा काना जवळजवळ पुसला गेला होता.

मामाआजोबा गेले, त्यानंतरच्या भाऊबिजेला आजीनं अंगणात उभं राहून चंद्राला ओवाळलं. तिला यमू म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. त्या संध्याकाळपासून हे नाव माझ्या मनात राहिलं. कुलवृत्तांत चाळताना, एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्या नि स्त्रियांच्या आठवणी वाचताना मी ते शोधत गेले. एके काळी घरोघरी असलेलं हे नाव आज पाळण्यापर्यंत का पोचत नाही, ते सांगायचा हा प्रयत्न.

जुळी बहीण

‘यम’ या शब्दाचा एक जुना अर्थ ‘जुळा’ असा आहे. विवस्वान सूर्याची जुळी मुलं म्हणजे यम आणि यमी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात या दोघांचा संवाद आहे. त्यात यमी भावाकडे त्याची संगत मागते आणि तो बहीणभावाच्या नात्याची मर्यादा सांगून नकार देतो. त्याच मंडलातल्या नदीसूक्तात यमुना नदी गंगा, सरस्वती, शुतुद्री यांच्याबरोबर येते. पुढं पुराणांनी यमी आणि यमुना एकच मानल्या आणि त्या जुळ्यांचं नातं ओवाळणीच्या ताटात आणून ठेवलं.

या नावाचं गोत फार दूरवर पसरलेलं आहे. इराणी लोकांच्या अवेस्तात आपला यम ‘यिम’ म्हणून भेटतो. ‘यिम क्षएत’ या त्याच्या बिरुदासह घेतलेल्या नावाचा फारसीत ‘जमशीद’ झाला आणि मुंबईच्या पारशी घरांत ‘जमशेद’. म्हणजे जमशेदजी आणि यमुनाबाई ही एकाच जुन्या घराची लेकरं. उत्तरेकडं ‘य’चा ‘ज’ झाला, म्हणून तिकडं जमुना, जमना. वर्ध्याचे जमनालाल बजाज याच नदीचं नाव लावत होते. मराठीनं मात्र ‘य’ सहसा सोडला नाही.

कार्तिक शुद्ध द्वितीयेला यम बहिणीच्या घरी जेवायला गेला, तिनं त्याला ओवाळलं, जेवू घातलं, त्यानं वर दिला, ही कथा आपण भाऊबिजेला सांगतो. ज्याच्या येण्याला सारं जग भितं, त्याची वाट पाहणारी एक बहीण आहे. पंचांगात या दिवसाचं नाव यमद्वितीया असंच छापतात. मथुरेला विश्राम घाटावर या दिवशी बहीणभाऊ यमुनेत एकत्र स्नान करतात. आपल्या नद्या बहुधा माता असतात. यमुना आधी बहीण आहे, आणि माझ्या मते या नावाचा सगळा प्रवास त्या एका गोष्टीत आहे.

दूरची नदी, घरातलं नाव

यमुना महाराष्ट्रातून वाहत नाही. यमुनोत्रीला उगम पावून १,३७६ किलोमीटर चालत ती प्रयागला गंगेला मिळते. तरी इथल्या माणसांच्या बोलण्यात ती भरून आहे. रडू आवरेना की डोळ्यांतून गंगा-यमुना वाहतात. लुगड्याचे दोन काठ दोन रंगांचे असले की तो गंगा-जमना काठ. वेरूळच्या कैलास लेण्यात मगरीवर गंगा, कासवावर यमुना आणि शेजारी सरस्वती, अशा तिघी शतकानुशतकं उभ्या आहेत. गवळणींमधून यमुनेचा काठ गावोगावच्या देवळांत पोचला. ज्या बाईनं आयुष्यात मथुरा पाहिली नाही, तिलाही घागर घेऊन त्या वाटेनं जाणं ठाऊक होतं.

मराठ्यांनी ही नदी तलवारीनिशीही ओळखली. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे पडले ते दिल्लीजवळ बुराडी घाटावर, यमुनेच्या पात्रात. पुढल्याच वर्षी पानिपत झालं, तेही याच नदीच्या आसऱ्यानं.

पण मुलींना नाव मिळालं ते लढायांपेक्षा यात्रांमुळं. काशीयात्रा म्हणजे जन्माचं सार्थक. प्रयागच्या संगमावर सवाष्णीचं वेणीदान होई : नवरा बायकोची वेणी घाली, तिचं टोक कापून संगमात सोडी. यात्रेकरू गंगेचे झाळलेले गडू घेऊन परतत, घरी मावंदं होई, सारा गाव जेवून जाई. अशा घरात पुढं मुलगी जन्मली तर तिचं नाव गंगा किंवा यमुना ठेवण्याला वेगळं कारण लागत नसे. दिवसातून दहा वेळा लेकीला हाक मारली की दहा वेळा तीर्थाचं नाव तोंडी येई. पाठोपाठ मुली झाल्या तर गंगा, यमुना, सरस्वती, गोदावरी, कृष्णा, भागीरथी अशी ओळच लागे.

विशेष म्हणजे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, वृक्ष किंवा नदी यांचं नाव असलेली मुलगी वधू म्हणून टाळावी, असं सांगितलं आहे. मराठी मुलखानं ते मनावर घेतलं नाही. ब्राह्मणवाड्यापासून कोल्हाट्यांच्या पालापर्यंत यमुना होत्या.

यमूच्या कादंबऱ्या

एकोणिसाव्या शतकात हे नाव इतकं रुळलेलं होतं की लेखकाला सामान्य मराठी मुलगी उभी करायची झाली तर हेच सुचे. १८५७ साली बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली. ती मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी मानली जाते. तिची नायिका यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, वाटेत विधवांची दुःखं पाहते आणि पुढं स्वतःच विधवा होते. पर्यटनाला निघालेल्या बाईला नदीचं नाव, ही निवड मला सहज झालेली वाटत नाही.

त्यानंतर हरिभाऊ आपटे. १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. तिथं यमू स्वतःच्या तोंडानं आपली कहाणी सांगते : माहेरचा धाक, सासरचा जाच, नवऱ्याबरोबरचे मुंबईतले थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि जबरदस्तीचं केशवपन. यमूला समजून घेणारं माहेरचं माणूस म्हणजे तिचा दादा. यमाच्या बहिणीची जुनी गोष्ट हरिभाऊंच्या मनात होती की नाही, ते महत्त्वाचं नाही. त्या काळातल्या बाईचं पहिलं नाव जपणारा माणूस बहुधा भाऊच असे, हे त्यांनी अचूक टिपलं.

तीन नद्या

कादंबऱ्यांबाहेर काय चाललं होतं? २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे इथं कुर्लेकरांच्या घरी एक यमुना जन्मली. १८७३ साली तिचं लग्न झालं आणि ती रमाबाई रानडे झाली. पुढं पुण्याची सेवासदन संस्था तिनं उभी केली, वाढवली. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशांकडं दुसरी यमुना जन्मली. नवव्या वर्षी लग्न होऊन ती आनंदी झाली. १८८६ साली पेनसिल्वेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ती डॉक्टर होऊन बाहेर पडली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावं वर्षही पुरं होण्याआधी, गेली.

महाराष्ट्राच्या इतिहासातल्या दोन सर्वांत थोर यमुना आपण यमुना म्हणून ओळखतच नाही. शाळेच्या पुस्तकात त्यांच्या माहेरच्या नावाला फार तर कंसातली जागा असते.

तिसरी नदी गोदावरीची. गोदूबाई बालपणीच विधवा झाली. भाऊ नरहरपंतांनी तिला मुंबईला नेलं. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात ती शिकली आणि १८९३ साली नरहरपंतांचे मित्र धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. तीही आनंदी झाली. या तीन स्त्रियांना मिळालेल्या सोबतीची किंमत मी कमी करत नाही. त्या काळाच्या मानानं ती मोठीच होती. पण शिकवणारा, आधार देणारा नवरा भेटला तरी पहिलं नाव उंबऱ्याबाहेरच राहायचं, एवढं मात्र खरं.

याच घरात पुढच्या पिढीत काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या करमरकरांच्या मुलीला तिथल्या नदीचं नाव मिळालं : इरावती. दिनकर धोंडो कर्व्यांशी लग्न करून ती गोदूबाईंची सून झाली. सासूची नदी दारात राहिली, सुनेची घरात आली. इरावती इरावतीच राहिल्या आणि मानववंशशास्त्रात, ‘युगान्त’मध्ये त्या नावाची स्वतःची ओळख झाली.

या नावाच्या दोघी

याच नावानं शेवटपर्यंत ओळखल्या गेलेल्या यमुनाही झाल्या. बडोद्याच्या महाराणी जमनाबाई, खंडेराव गायकवाडांच्या पत्नी. १८७५ साली नाशिककडच्या कवळाणे गावच्या एका शेतकरी घरातला मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो मुलगा म्हणजे सयाजीराव. एका विधवा राणीच्या निवडीनं एका संस्थानाचं भाग्य पालटलं.

दुसऱ्या यमुनाबाई वाईकर. ३१ डिसेंबर १९१५ रोजी जन्मलेल्या यमुनाबाई कोल्हाटी समाजातल्या. या समाजातल्या कलावंत स्त्रिया परंपरेनं लग्न करून सासरी जात नसत. त्या रूढीनं त्यांच्याकडून खूप काही हिरावून घेतलं, पण जन्माचं नाव कुणी काढून घेतलं नाही. आडनावाच्या जागी त्यांनी गाव लावलं. बैठकीच्या लावणीतली अदाकारी त्यांनी आयुष्यभर जपली, २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १५ मे २०१८ रोजी, शंभरी ओलांडून, त्या गेल्या. पद्म पुरस्कारांच्या यादीत ‘यमुनाबाई’ ही अक्षरं वाचताना मला आजीचा गडू आठवला होता.

ओहोटी

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात मुलींची नावं बदलू लागली. सुमन, कुसुम, मालती, नलिनी आल्या, मग उषा, आशा, मग सुनीता, संगीता. देवाच्या, तीर्थाच्या, आजीच्या नावापेक्षा कानाला गोड आणि नवं नाव हवंसं झालं. शहरातल्या मुलींना यमू, गंगू, गोदू ही हाक गावंढळ वाटू लागली. नाटकांतून, विनोदी कथांतून मोलकरणीला नाव द्यायचं झालं की ती गंगूबाई, यमुनाबाई ठरलेली. ज्या नावानं एकेकाळी पुण्य जोडलं जाई, त्याच नावानं मुलगी अवघडू लागली.

अलीकडं जुनी नावं परतली आहेत. रमा, मुक्ता, जिजा, सई, अहिल्या पाळण्यात दिसतात. नद्याही परतल्या : रेवा, शरयू, अलकनंदा, गोदावरीसुद्धा. यमुना मात्र नाही. मला वाटतं, पहिल्या दोन अक्षरांतला ‘यम’ आड येतो. भाऊबिजेची गोष्ट घरात सांगितली जाईना तेव्हा यम हा बहिणीकडं जेवायला येणारा भाऊ राहिला नाही, नुसता मृत्यू उरला.

नदीचीही अवस्था अशीच झाली. वझिराबाद ते ओखला या दिल्लीतल्या बावीस किलोमीटरांत शहराचं सांडपाणी तिच्यात येतं आणि दिवाळीच्या मागंपुढं कालिंदी कुंजजवळ पांढरा फेस पाण्यावर तरंगतो. कालिंदी हेही यमुनेचंच नाव. २० मार्च २०१७ रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयानं गंगा आणि यमुनेला कायद्यानं व्यक्ती मानलं. त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. आपल्या पणज्यांनी नदीला माणूस मानायला कोर्टाची वाट पाहिली नव्हती. त्यांनी लेकीला तिचं नाव दिलं आणि रोज हाक मारली.

आज बऱ्याच मुली लग्नानंतर स्वतःचं नाव ठेवतात. तांदळाची परात अजून येते, पण पुष्कळ घरांत तिच्यात मुलीचं आहे तेच नाव गिरवतात. ज्या दिवसासाठी रमाबाई, आनंदीबाई, गोदूबाई झिजल्या तो आला आहे. यमुना आता माहेरून सासरी निर्धास्त जाऊ शकते, आणि नेमकी याच वेळी माहेरात कुणी यमुना नाही.

बारशात नाव ठेवण्याचा मान आत्याचा. म्हणजे भावाच्या घरी बहीण येते आणि पुढच्या पिढीच्या कानात पहिलं नाव सांगते. गेल्या वर्षी माझ्या भावाला मुलगी झाली. तिचं दाखल्यावरचं नाव आईबापांनी आधीच ठरवलं होतं, आणि ते सुरेख आहे. पण पाळण्यातली नावं चार-पाच असतात. माझी पाळी आली तेव्हा मी वाकले, “कुर्र” म्हटलं आणि तिच्या कानात यमुना सांगितलं. तो घासलेला गडू पाळण्याखाली पाणी भरून ठेवला होता.

या भाऊबिजेला मी भावाकडं जाणार आहे. दारातूनच तिला त्या नावानं हाक मारीन.