बिट की बाइट? शब्द समजले तर घोटाळा टळतो

आमच्या वस्तीतील एका भगिनीने मुलीच्या अभ्यासासाठी काटकसर करून घरी ब्रॉडबँड घेतले. वेग सांगितला होता ४० चा. मुलगी धड्यांची फाइल उतरवू लागली, तर पडद्यावर आकडा ५ चा! "भाऊ, आम्हाला फसवलं की हो," म्हणत त्या पावती घेऊन आमच्याकडे आल्या. आम्ही पावती पाहिली. फसवणूक नव्हती, शब्दांचा घोटाळा होता. तो घरोघरी होतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

संगणकाचा सारा व्यवहार ० आणि १ या दोन अंकांत चालतो. अशा एका अंकाला बिट म्हणतात. क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या निबंधात हा शब्द वापरला व तो सुचविल्याचे श्रेय जॉन ट्युकी यांना दिले. ८ बिट मिळून १ बाइट होतो. जोडणीचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार बाइटमध्ये. इंग्रजीत लिहिताना लहान 'बी' म्हणजे बिट, मोठा 'बी' म्हणजे बाइट. सेकंदाला ४० मेगाबिट, त्याला ८ ने भागा. ५ मेगाबाइट येतात. हिशेब चोख होता!

आता डिजिटल म्हणजे काय? टेलिफोनच्या जुन्या पद्धतीत आवाजाच्या लहरीसारखीच विजेची लहर तारेतून जाई. ती अॅनालॉग पद्धत. डिजिटल टेलिफोनीच्या मूळ पद्धतीत त्या लहरीचे सेकंदाला ८००० वेळा माप घेतात आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहितात. म्हणजे एका संभाषणाला सेकंदाला ६४,००० बिट लागतात. अंकांची लहर व लहरीचे पुन्हा अंक करणारे यंत्र म्हणजे मोडेम.

इंटरनेटवर मजकूर अखंड जात नाही. त्याचे लहान तुकडे करतात, त्यांना पॅकेट म्हणतात. लग्नाच्या वऱ्हाडाने चार गाड्यांतून निघावे आणि मांडवात एकत्र जमावे, तसेच हे! प्रत्येक पॅकेटवर पत्ता असतो, तो आयपी अॅड्रेस. कोणत्या वाटेने पाठवायचे ते राउटर ठरवतो. एखादे पॅकेट हरवले तर टीसीपी नावाच्या नियमाने ते पुन्हा मागवता येते.

आणखी दोन शब्द. बँडविड्थ म्हणजे रस्त्याची रुंदी, एका वेळी किती माल जाईल ते. लेटन्सी म्हणजे पोहोचायला लागणारा वेळ. रस्ता रुंद असला तरी लेटन्सी जास्त असेल, तर ऑनलाइन वर्गात मुलाचे उत्तर शिक्षकांपर्यंत उशिरा पोहोचते.

म्हणून माता-भगिनींनो, जोडणी घेताना तीन प्रश्न जरूर विचारा. वेग बिटमध्ये की बाइटमध्ये? फाइल उतरवण्याचा किती, चढवण्याचा किती? ठरलेला डेटा संपल्यावर वेग किती राहील? विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता पैसे मोजण्यात नुकसान आहे.

त्या भगिनी आता शेजारणींना ८ ने भागायला शिकवतात. आम्हाला वाटते, त्यांनी भरलेल्या पैशांचे तिथेच चीज झाले.