पाळीव ससे, कृंतक प्राणी आणि सुक्या फळांचा खाऊ : एक पथ्यापथ्य विचार

आपल्या दवाखान्यात येणारा रुग्ण मनुष्य असतो. तथापि त्याच्या घरी पिंजऱ्यात वाढणारा ससा, गिनीपिग वा हॅमस्टर यांच्या आहाराविषयीही अलीकडे विचारणा होऊ लागली आहे. आयुर्वेदीय औषधी दुकानाच्या फळीवर काळ्या मनुका, खारीक, सुके अंजीर ही द्रव्ये असतातच. त्यामुळे ‘सशाला मनुका चालतील का?’ हा प्रश्न पुष्कळदा वैद्याच्या अगोदर दुकानदारासच विचारला जातो. ‘फळच आहे, चालेल’ हे सहज दिले जाणारे उत्तर प्राण्याच्या जिवावर कसे बेतू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अलिबाग-मुरूड मार्गावरील काशीद येथे एका बाजूस सुरूच्या बनाआडचा पांढऱ्या वाळूचा किनारा, तर दुसऱ्या बाजूस फणसाड अभयारण्याचे डोंगर आहेत. सुटीच्या दिवसांत येथे पर्यटकांची रीघ लागते. त्यांच्या मुलांच्या करमणुकीसाठी काही घरगुती निवासांच्या अंगणात पांढरे ससे पाळलेले दिसतात. एका दिवाळीच्या सुटीत अशाच एका अंगणातील सशास चार दिवस येणारा-जाणारा प्रत्येक जण कौतुकाने मनुका व खजूर भरवीत होता. चौथ्या दिवशी सशाने गवतास तोंड लावणे सोडले, लेंड्या प्रथम बारीक झाल्या व नंतर बंदच पडल्या. मालक पोट साफ होण्याचे चूर्ण मागण्यास आले, तेव्हा लेंड्या बंद होऊन एक दिवस उलटून गेला होता. त्यांना तत्काळ पशुवैद्यकाकडे पाठविले; परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी ससा दगावला. कोणीही त्यास अखाद्य असे काही दिले नव्हते. जे दिले ते आपण कृश रुग्णास आवर्जून देतो, तेच होते. दोष द्रव्याचा नव्हता. मात्रेचा व सात्म्याचा होता.

द्रव्यविचार

फलवर्गात वाग्भटांनी द्राक्षेस श्रेष्ठ मानले आहे. मधुर रस, मधुर विपाक, शीत वीर्य, गुरु, स्निग्ध व बृंहण असे तिचे गुण. खर्जूरही मधुर, शीत, गुरु व बृंहणच. क्षीण मनुष्यास उपकारक ठरणारे हेच गुण पिंजऱ्यात बसून असणाऱ्या, व्यायामहीन प्राण्यास संतर्पणोत्थ विकारांकडे नेतात. त्यातच फळ सुकविले म्हणजे जलांश जातो आणि शर्करा एकवटते. सुमारे 4 किलो द्राक्षांपासून 1 किलो बेदाणा होतो. ताज्या द्राक्षात शर्करा शेकडा 15 ते 20 असेल, तर मनुकेत ती शेकडा 60 च्या वर जाते.

देहभाराच्या प्रमाणात हिशेब केल्यास हे अधिक स्पष्ट होते. हॅमस्टरचे वजन सुमारे 120 ग्रॅम व एका मनुकेचे अर्धा ग्रॅम धरले, तर त्यास एक मनुका देणे म्हणजे 60 किलो वजनाच्या मनुष्यास एका बैठकीत पाव किलो मनुका चारण्यासारखे आहे. 2 किलोच्या सशास 8 ग्रॅमचा एक खजूर देणे, हेही जवळजवळ तेवढेच.

शरीरविचार

चरकसंहितेत ‘शश’ जांगल वर्गात, म्हणजे रूक्ष माळरानावर वावरणाऱ्या प्राण्यांत गणला आहे. तो आपला रानससा. आज घरोघरी पाळला जाणारा ससा ही निराळी जाती असून तिचे मूळ स्पेन-पोर्तुगालकडील आहे. तरीही आहार दोघांचा तोच : गवत, पाला, साल, म्हणजे रूक्ष व तंतुमय अन्न.

सशाच्या कोष्ठात उण्डुक अतिशय मोठे असते. तेथील सूक्ष्मजीव तंतूंचे विघटन करतात. त्यातून तयार होणारी मृदू लेंडी ससा गुदद्वारातूनच परत खातो व त्यातील पोषक अंश मिळवितो. ही विकृती नसून त्याची प्रकृती आहे. उण्डुकात शर्करा अधिक गेली की उपकारक सूक्ष्मजीव मागे पडून घातक जंतू माजतात, वायू साठतो व आंत्राची गती मंदावते. वैद्याने ध्यानी घ्यावी अशी दुसरी गोष्ट म्हणजे ससा, उंदीर व गिनीपिग यांना वमन होतच नाही. ऊर्ध्वमार्ग बंद असल्याने पोटात गेलेले सर्व अधोमार्गानेच जावे लागते, आणि तोच मार्ग रोधला तर प्राणसंकट ओढवते.

दातांचाही संबंध येथे आहे. सशाचे सर्व दात आयुष्यभर वाढतात. पुढचे दात तर वर्षाला 10 ते 12 सेंटिमीटर. गवत चावूनच ते झिजतात. गोडाची चटक लागलेला ससा गवत टाकतो आणि वाढलेले दात गालाला व जिभेला टोचू लागतात.

मात्राविचार

1. ससा : प्रौढ सशास आठवड्यातून एक-दोन वेळा एखादी मनुका, अथवा तेवढाच खजुराचा वा अंजिराचा तुकडा. पिलांना मुळीच नको. मुख्य आहार गवतच असावा.

2. गिनीपिग : आठवड्यातून एकदा अर्धी मनुका. मनुष्याप्रमाणेच यासही क जीवनसत्त्व अन्नातूनच मिळवावे लागते, व ते फळ सुकविताना बरेचसे नष्ट होते. म्हणून कोथिंबीर, ढोबळी मिरची यांची जागा सुके फळ घेऊ शकत नाही.

3. हॅमस्टर : आठवड्यातून एकदा पाव मनुका. चिकट तुकडा याच्या गालातील पिशवीत अडकून तेथे व्रण होऊ शकतो. हॅमस्टरच्या काही ठेंगण्या जातींत मधुमेहाची प्रवृत्ती असल्याने त्यांना सुके फळ देऊच नये.

4. पांढरे उंदीर : हे सर्वभक्षी असल्याने थोडे अधिक सोसतात, परंतु लवकर मेदस्वी होतात. मोठ्या उंदरास एखादी मनुका, लहानास तिचा चतुर्थांश, तीही रोज नको.

कौतुकच करावयाचे असेल तर दूर्वा, पुदिना वा कोथिंबिरीची काडी हाताने भरवावी. प्राण्यास लळा तेवढाच लागतो आणि अपाय होत नाही.

दुकानदारांसाठी

सांगली-तासगावकडील पिवळसर बेदाण्यास सुकविण्यापूर्वी पोटॅशियम कार्बोनेटयुक्त द्रावणात बुडवितात, व रंग टिकविण्यासाठी गंधकाची धुरी देतात. प्राण्यासाठी मागणी असेल तर प्रक्रिया न केलेली काळी मनुका सुचवावी. पाकवलेली पपई व अननस, मीठ लावलेली आमसुले, साखर घातलेली आंबापोळी वा फणसपोळी देऊ नये. किनाऱ्यावरील दमट हवेत, विशेषतः वर्षा ऋतूत, सुक्या फळांस बुरशी लवकर धरते. तसा माल ‘प्राण्यालाच द्यायचा आहे’ म्हणून खपवू नये. आणखी एक सावधगिरी : ज्या घरी कुत्रा आहे तेथे मनुका खाली सांडू देऊ नयेत. द्राक्षे व मनुका यांनी कुत्र्यांचे वृक्क निकामी झाल्याची उदाहरणे पशुवैद्यकात सुपरिचित आहेत.

आपली मर्यादा

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 अन्वये पशुचिकित्सा हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे क्षेत्र आहे. शालिहोत्र व पालकाप्य यांची परंपरा आपणांस अभिमानास्पद असली, तरी सशास अंदाजाने चूर्ण वा आसव देणे योग्य नव्हे. प्राण्याने बारा तास अन्न घेतले नाही अथवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर ती आत्ययिक अवस्था समजून पशुवैद्यकाकडे पाठवावे. रानससा किंवा खार पकडून पाळणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 प्रमाणे गुन्हा आहे. आणि फणसाडमधील शेकरूस मनुका दाखवून जवळ बोलाविणे हे भूतदयेचे लक्षण नाही, हेही पर्यटकांना सांगावे.

हिताहार म्हणजे उत्तम द्रव्य एवढेच नव्हे. ते कोणास, किती व केव्हा, याचा विवेक म्हणजे हिताहार. मनुष्याबाबत आपण हा विवेक रोज शिकवितो. मनुकेची पुडी बांधताना ‘कोणासाठी हवी?’ एवढा एक प्रश्न वैद्यबंधूंनी व दुकानदारांनी विचारावा, आणि उत्तर ‘सशासाठी’ असे आले तर दोन वाक्ये अधिक बोलावीत, अशी नम्र विनंती आहे.