दोष अम्मींच्या कानांचा नव्हता

माझा दीर कुवेतला असतो. तिथे शुक्रवारी सुट्टी. जुम्म्याची नमाज आटोपली की तो घरी व्हिडिओ कॉल करतो. आपल्याकडे तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सासूबाईंना, म्हणजे आमच्या अम्मींना, मोबाइलवरचा चेहरा नीट दिसत नाही. म्हणून कॉल घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर घेतो. मी शाळेत असते. माझी मुलगी कॉल लावून देते, आजीला खुर्चीत बसवते आणि ट्यूशनला पळते.

एका रात्री दिराचा मला फोन आला. "भाभी, अम्मींची तब्येत बरी आहे ना? मी विचारतो एक, त्या सांगतात दुसरंच."

अम्मींना विचारलं, तर आधी बोलेनात. मग हळूच म्हणाल्या, "माझे कान गेले. तीन जुम्मे झाले, त्याचे ओठ हलताना दिसतात, आवाज येत नाही. त्याला काळजी नको म्हणून मान हलवत राहिले."

मी कॉम्प्युटर सुरू करून एक नात लावली. मलाही काही ऐकू आलं नाही! अम्मींचे कान ठणठणीत होते. मुका झाला होता तो कॉम्प्युटर.

साउंड कार्ड करतं काय?

कॉम्प्युटरला फक्त आकडे कळतात. गाणं असो, तिलावत असो की मुलाचा आवाज, आत सगळं आकड्यांतच असतं. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची नोंद असते. या आकड्यांचं विजेच्या कमीजास्त होणाऱ्या दाबात रूपांतर करण्याचं काम साउंड कार्ड करतं. त्या विजेने स्पीकरचा पडदा थरथरतो आणि आपल्याला आवाज येतो. पूर्वी हे कार्ड वेगळं विकत घेऊन बसवावं लागे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं १९८९ सालचं 'साउंड ब्लास्टर' त्यात फार गाजलं. आता बहुतेक कॉम्प्युटरमध्ये ही सोय मदरबोर्डवरच असते. म्हणूनच आवाज गेला की दुकानदार चटकन म्हणतो, "मदरबोर्ड बदला." आम्हालाही एकाने हेच सांगितलं. पण खर्च करण्याआधी घरी काही गोष्टी तपासता येतात.

सोप्याकडून अवघडाकडे

१. स्पीकरचा दिवा लागलाय का, आवाजाचं बटण शून्यावर तर नाही ना, हे पाहा. हसू नका, बऱ्याचदा दोष इथेच सापडतो.

२. तोच स्पीकर मोबाइलला जोडा. मोबाइलला तशी जागा नसेल तर रेडिओला किंवा टीव्हीला जोडा. वाजला तर स्पीकर आणि वायर दोन्ही चांगली.

३. कॉम्प्युटरच्या मागे रंगीत भोकं असतात. हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं, निळं बाहेरून आवाज आत घेण्याचं. झाडलोट करताना पिन निघते आणि कुणीतरी ती भलत्याच भोकात खोचतं.

४. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर क्लिक करा. आवाज कुठे पाठवायचा, याची यादी तिथे मिळते. मॉनिटर एचडीएमआय वायरने जोडला असेल तर कधी कधी आवाज मॉनिटरकडे जातो आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो! यादीतून आपला स्पीकर निवडा.

५. 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' पाहा. पिवळं उद्गारचिन्ह दिसलं तर ड्रायव्हर बिघडलाय. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि विंडोज यांच्यातला दुभाषी. 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करून कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा. बहुतेक वेळा विंडोज तो स्वतःच परत बसवतं.

६. तरीही शंका राहिली तर जाणकाराकडून उबुंटूचा पेनड्राइव्ह आणा आणि काहीही इन्स्टॉल न करता कॉम्प्युटर त्यावरून सुरू करा. तिथे आवाज आला तर यंत्र चांगलं, दोष विंडोजमध्ये.

आमचा दोष कुठे सापडला?

आमच्याकडे पिवळं चिन्ह नव्हतं. नात लावली की पडद्यावरची आवाजाची हिरवी पट्टी नाचत होती. म्हणजे कॉम्प्युटर आवाज पाठवत होता, पण तो स्पीकरपर्यंत पोहोचत नव्हता. यादी उघडली तर तिथे हेडफोन जोडलेला दिसत होता. प्रत्यक्षात हेडफोन कपाटात!

माझी मुलगी अभ्यासाला पुढच्या भोकात हेडफोन लावते. त्या भोकात एक बारीक पत्री असते. पिन आत गेली की ती सरकते, मग कॉम्प्युटर मागचे स्पीकर बंद करतो. पिन काढली की पत्रीने जागेवर यायचं. आमची पत्री गंजून अडकली होती.

भाट्येत राहणाऱ्याला याचं नवल वाटू नये. समोर समुद्र, बाजूला काजळीची खाडी. खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज गंजतात, कुलपं धरतात, तांब्यापितळेवर हिरवट थर चढतो. पावसाळ्यात बंद पडून राहिलेलं यंत्र तर लवकर दमट होतं.

कॉम्प्युटर बंद केला, वायर काढली. हेडफोनची पिन आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओली करून आठदहा वेळा आतबाहेर केली. अर्धा तास वाळू दिलं. पुन्हा सुरू केल्यावर घर नातेच्या आवाजाने भरलं. एवढ्यानेही जमलं नसतं, तर काही शे रुपयांत यूएसबीचं छोटं साउंड कार्ड मिळतं. ते लावलं की जुन्या भोकांची गरजच उरत नाही.

आता समुद्राकडची खिडकी बंद ठेवते आणि पावसाळ्यात कॉम्प्युटर रोज थोडा वेळ चालू करते.

पण खरा धडा कॉम्प्युटरचा नाही. घरातलं म्हातारं माणूस काही बिघडलं की दोष आधी स्वतःवर घेतं आणि गप्प बसतं. कॉल लावून देऊन निघून जाऊ नका. दोन मिनिटं शेजारी बसा आणि आवाज येतोय का, एवढं विचारा.

पुढच्या जुम्म्याला मी शाळेतून लवकर आले. दिराने सलाम केला. अम्मींनी जवाब दिला आणि लगेच दटावलं, "हळू बोल, मी बहिरी नाही."