स्वतःची मुदत लिहून ठेवणारा पक्ष

राजकीय पक्ष काढताना तो बंद कधी करायचा, याची तारीख सहसा कोणी लिहून ठेवत नाही. कॅनडातल्या रिफॉर्म पार्टीने ठेवली होती. तिच्या घटनेतल्या एका कलमाचा आशय असा : १ नोव्हेंबर २००० पूर्वी भरलेल्या अधिवेशनात दोन तृतीयांश प्रतिनिधींनी ही घटना पुन्हा मंजूर केली नाही, तर घटना रद्द आणि पक्षही संपला. तेरा वर्षांची मुदत. एवढ्या काळात काम झाले तर ठीक, नाही तर खुर्च्या उबवत बसू नका, असा त्याचा साधा अर्थ.

हे कलम सुचण्याइतका इतिहास कॅनडाच्या पश्चिमेकडे होता. मॅनिटोबा, सस्कॅचेवन, अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबिया या प्रांतांत दर पिढीला एखादा बंडखोर पक्ष उगवतो. १९२१ मध्ये शेतकऱ्यांच्या प्रोग्रेसिव्ह पक्षाने संसदेत दुसऱ्या क्रमांकाच्या जागा मिळवल्या, पण अधिकृत विरोधी पक्ष होणे नाकारले, आणि दहा-बारा वर्षांत तो विरून गेला. सोशल क्रेडिट पक्ष अल्बर्टात १९३५ मध्ये सत्तेवर आला आणि १९७१ पर्यंत तिथेच राहिला. शेवटी शेवटी त्यात बंडाचे नावही उरले नव्हते. या दुसऱ्या पक्षाचे अर्नेस्ट मॅनिंग १९४३ ते १९६८ अशी पंचवीस वर्षे अल्बर्टाचे प्रीमियर होते. रिफॉर्मचे संस्थापक प्रेस्टन मॅनिंग हे त्यांचे चिरंजीव. पक्ष म्हातारा कसा होतो, हे त्यांनी घरात बसून पाहिले होते.

निमित्त मात्र ताजे होते. ऑक्टोबर १९८६ मध्ये सीएफ-१८ या लढाऊ विमानांच्या देखभालीचे कंत्राट ब्रायन मलरोनी यांच्या सरकारने मॉन्ट्रियलच्या कॅनडेअरला दिले. पश्चिमेतल्या विनिपेगच्या ब्रिस्टल एरोस्पेसची निविदा स्वस्तही होती आणि तांत्रिक निकषांवर सरसही. १९८० च्या राष्ट्रीय ऊर्जा धोरणाने अल्बर्टाच्या तेलाचा पैसा ओटावाकडे वळवल्याचा राग आधीपासून होताच. त्यात मलरोनींना भरभरून मते याच पश्चिमेने दिली होती. मे १९८७ मध्ये व्हँकुव्हरला जमलेल्या मेळाव्याने नवा पक्ष काढण्याचा कौल दिला. घोषणा होती, पश्चिमेला आत यायचे आहे. फुटून निघायचे नव्हते, सत्तेच्या माजघरात जागा हवी होती. रिफॉर्मचा पुढचा सगळा कारभार या एका भूमिकेवरून समजतो.

ऑक्टोबरअखेर विनिपेगमध्ये स्थापना अधिवेशन भरले. पक्षघटना, नेतानिवड, धोरणे, सारे एकाच आठवडाअखेरीत उरकायचे होते. नेतेपदासाठी मॅनिंग यांच्यासमोर स्टॅन रॉबर्ट्स होते. मॅनिटोबातले जुने लिबरल आमदार, ओळखीपाळखीचे, दिलखुलास गृहस्थ. वाद पेटला तो धोरणावरून नव्हे, नोंदणीच्या टेबलावरून. रॉबर्ट्स ऐनवेळी नवे सदस्य आणून बसवतील, या भीतीने प्रतिनिधींची नोंदणी जाहीर वेळेआधीच बंद करण्यात आली. रॉबर्ट्स यांनी त्याला आक्षेप घेतला, पैशांच्या हिशेबाचाही प्रश्न काढला आणि अखेर माघार घेऊन निघून गेले. मॅनिंग बिनविरोध नेते झाले. सामान्य सदस्यांच्या हाती सूत्रे देण्यासाठी निघालेल्या पक्षाला आपला पहिला नेता मतपेटीशिवाय मिळाला. त्या अधिवेशनातल्या एका भाषणाने मात्र लोकांच्या माना वळल्या. वक्ता होता धोरणांची जबाबदारी सांभाळणारा अठ्ठावीस वर्षांचा अर्थशास्त्राचा विद्यार्थी, स्टीफन हार्पर.

आता नियमांकडे. प्रत्येक अधिवेशनात प्रतिनिधींपुढे गुप्त मतदानाने एक प्रश्न ठेवायचा : नेत्याची नव्याने निवडणूक घ्यावी का? धोरणे सदस्यांनी अधिवेशनात ठरवायची. मोठा निर्णय असेल तर सगळ्या सदस्यांकडून मतपत्रिकेने कौल घ्यायचा. पूर्वेकडे, म्हणजे ऑन्टारियोत शिरायचे की नाही, हा प्रश्न १९९१ मध्ये सॅस्कटूनच्या अधिवेशनानंतर असाच सदस्यांपर्यंत गेला. उमेदवारी मागणाऱ्याला लांबलचक प्रश्नावली भरावी लागे; त्यात स्वतःची कुंडली स्वतःच मांडायची.

देशासाठी मागण्या याच वळणाच्या होत्या : सार्वमत, नागरिकांनी मांडायचे प्रस्ताव, खासदाराला परत बोलावण्याचा अधिकार आणि नवी सिनेट. ही सिनेट समान, निर्वाचित आणि प्रभावी असावी. कॅनडाच्या सिनेटमध्ये अल्बर्टाला सहा जागा आणि त्याहून कितीतरी कमी लोकसंख्येच्या नोव्हा स्कोशियाला दहा. शिवाय नेमणूक पंतप्रधानांच्या मर्जीने. १९८९ मध्ये अल्बर्टाने स्वतःहून सिनेटसाठी निवडणूक घेतली. रिफॉर्मचे स्टॅन वॉटर्स जिंकले आणि पुढच्या वर्षी मलरोनींनी नाइलाजाने त्यांची नेमणूक केली. कॅनडाचे ते पहिले निवडून आलेले सिनेटर.

खासदाराने मत कसे द्यायचे, हा मामला जास्त अवघड. रिफॉर्मचे म्हणणे असे की मतदारसंघाचा कौल स्पष्ट असेल तर तो पक्षाच्या भूमिकेपेक्षा वरचढ. व्हिप मोडला तर खासदारकी जाते, अशा कायद्याखाली वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे स्वप्नवत वाटेल. कॅनडात तसा कायदा नाही, पण नेत्याच्या हातातली काठी तिथेही आहे. १९७० च्या निवडणूक कायद्याने उमेदवाराच्या नावापुढे पक्षाचे नाव छापायला नेत्याची सही आवश्यक केली. सही नाही तर अधिकृत उमेदवारी नाही. १९९५ मध्ये बंदूक नोंदणीचे विधेयक आले तेव्हा रिफॉर्म पक्ष म्हणून विरोधात होता. तरी नॉर्थ व्हँकुव्हरचे टेड व्हाइट यांच्यासह मोजक्या खासदारांनी मतदारांचा अंदाज घेऊन बाजूने मत दिले आणि ते पक्षात राहिले. लिबरल पक्षात त्याच विधेयकाला विरोध करणाऱ्यांना समित्यांवरून हटवण्यात आले होते. या एका प्रसंगात रिफॉर्म आपल्या शब्दाला जागला, हे मान्य करावे लागते.

पण तळातून वर येणारे सगळेच स्वच्छ नसते. १९८८ च्या निवडणुकीत एका मतदारसंघात डग कॉलिन्स हे वृत्तपत्रातले स्तंभलेखक उमेदवारीच्या दारात उभे होते. स्थलांतरितांबद्दलचे त्यांचे लिखाण कुप्रसिद्ध होते. मॅनिंग यांनी वंशभेदाविरुद्ध ठराव स्वीकारण्याची अट घातली, नाही तर सही मिळणार नाही. कॉलिन्स बाजूला झाले. १९९२ मध्ये गोऱ्या वर्चस्ववादी हेरिटेज फ्रंटची माणसे सदस्य म्हणून घुसल्याचे उघड झाले, त्यांना काढावे लागले. १९९३ मध्ये जॉन बेक या टोरांटोतल्या उमेदवाराला प्रचाराच्या मध्यावर दूर केले गेले. १९९६ मध्ये समलिंगी आणि वांशिक अल्पसंख्याक कर्मचाऱ्यांबद्दलच्या वक्तव्यांवरून बॉब रिंग्मा आणि डेव्हिड चॅटर्स या खासदारांचे संसदीय गटातून निलंबन झाले. प्रत्येक वेळी उपाय तोच, वरून हात घालण्याचा. ज्या सहीला रिफॉर्म लोकशाहीचा गळफास मानत असे, तिनेच पक्षाची अब्रू वाचवली. मला यात ढोंग दिसत नाही. घटना लिहिताना ज्याचा विचारच झाला नव्हता, ते भोक दिसते.

१९९३ मध्ये लाट आली. रिफॉर्मचे ५२ खासदार निवडून आले, त्यातले ५१ पश्चिमेतले. मलरोनींचा पक्ष दोन जागांवर आला. मॅनिंग सभागृहात दुसऱ्या रांगेत बसले, सरकारी गाडीच्या किल्ल्या परत केल्या. विरोधी पक्षनेत्याच्या स्टोर्नोवे बंगल्यात बिंगोचा हॉल काढा, असे ते म्हणाले होते. १९९७ मध्ये ६० जागांसह तो मान मिळाल्यावर त्याच बंगल्यात राहायला गेले. खासदारांच्या निवृत्तिवेतनावर तोंडसुख घेणाऱ्या रिफॉर्मच्याच खासदार डेबोरा ग्रे यांनी आधी ते नाकारले आणि पुढे परत घेतले. वर्तमानपत्रांनी या गोष्टी चघळल्या, पण खरी अडचण आकड्यांची होती. पश्चिमेतल्या साठ जागांवर सरकार होत नाही.

म्हणून मुदत भरण्याआधीच मॅनिंग नवी मोट बांधायला लागले. १९९९ मध्ये सदस्यांच्या मतदानात सुमारे साठ टक्क्यांनीच होकार दिला. जुन्यांना आपला पक्ष विसर्जित करायचा नव्हता. मार्च २००० मध्ये मात्र नव्वद टक्क्यांहून जास्त सदस्यांनी कॅनडियन अलायन्स या नव्या पक्षाला मान्यता दिली. तेरा वर्षांच्या कलमाची परीक्षा कधी झालीच नाही, पक्ष सात महिने आधीच मिटला. जुलैमध्ये अलायन्सच्या सदस्यांनी मॅनिंग यांनाच हरवून स्टॉकवेल डे यांना नेता केले.

त्याच वर्षीच्या निवडणुकीत सार्वमताच्या कलमाचे हसे झाले. तीन टक्के मतदारांनी सह्या केल्या तर सार्वमत घेऊ, असे अलायन्स म्हणत होता. रिक मर्सर या विनोदी कलाकाराने टीव्हीवरून आवाहन केले की डे यांचे नाव स्टॉकवेलऐवजी अभिनेत्री डोरिस डेसारखे डोरिस करावे, यासाठीच सार्वमत मागा. इंटरनेटवर पाठिंब्याचा पाऊस पडला.

२००३ च्या अखेरीस अलायन्स आणि मलरोनींच्या पक्षातले जुने कॉन्झर्व्हेटिव्ह एकत्र आले. तडजोडीत ‘एक सदस्य, एक मत’ हा रिफॉर्मच्या परंपरेतला नियम गेला. नेतानिवडीत प्रत्येक मतदारसंघाला सारखेच शंभर गुण मिळू लागले, मग तिथे सदस्य पन्नास असोत की पाच हजार. २००६ ते २०१५ या एकत्रित पक्षाचे हार्पर पंतप्रधान होते आणि त्यांच्या कारकिर्दीत पक्षाची पकड इतकी आवळली की २०१३ मध्ये मार्क वॉरावा या त्यांच्याच खासदाराला, आपल्याला सभागृहात बोलू दिले जात नाही, अशी तक्रार अध्यक्षांकडे न्यावी लागली. सिनेटच्या निवडणुकीचा विषय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घटनादुरुस्तीच्या अटीत अडकवला.

त्यानंतर कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार मायकेल चाँग यांच्या विधेयकाचा कायदा झाला. उमेदवारीवरची नेत्याची सही बंधनकारक राहिली नाही आणि नेत्याला हटवण्याचा अधिकार संसदीय गट स्वतःकडे घेऊ शकतो, अशी सोय झाली. सोयच, प्रत्येक निवडणुकीनंतर गटाने मतदान करून ती स्वीकारायची असते. कॉन्झर्व्हेटिव्ह खासदारांनी ती स्वीकारली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये एरिन ओटूल यांना ७३ विरुद्ध ४५ मतांनी पायउतार केले. लिबरल खासदारांनी ती अजून एकदाही घेतलेली नाही.