बॅकयार्डातलं ग्रिल आणि आपलं भाजणं

मेमोरियल डेचा वीकएंड आला की ट्रॉयच्या गल्ल्यांतून संध्याकाळी एकच वास येतो. कुंपणापलीकडे बर्गर असतात, अलीकडे तंदुरी चिकन. दोन्हीकडे धूर मात्र सारखाच! नव्याने आलेल्या बऱ्याच कुटुंबांकडून आम्हाला दर उन्हाळ्यात तेच प्रश्न येतात: गॅसचं घ्यावं की कोळशाचं, भरताला 'तो' वास कसा आणायचा, शाकाहारी पाहुणे असले तर काय करायचं. म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीट लिहूनच काढू.

आधी थोडा इतिहास, कारण तो आपल्या मिशिगनचा आहे. दुकानात मिळणाऱ्या उशीच्या आकाराच्या कोळशाच्या वड्या, म्हणजे ब्रिकेट्स, घरोघरी पोचल्या त्या हेन्री फोर्डमुळे. मॉडेल टी गाडीत बरंच लाकूड लागायचं. ते लाकूड अप्पर पेनिन्सुलातल्या जंगलांतून यायचं आणि कापताना ढीगभर तुकडे नि भुसा उरायचा. फोर्डला वाया गेलेलं काही बघवत नसे (आपल्या आज्यांसारखंच). १९२०च्या दशकात त्याने तिथेच त्या भुशाचा कोळसा करायचा कारखाना काढला आणि वड्या चक्क फोर्डच्या गाड्यांच्या दुकानांतून विकल्या. १९५१ मध्ये हा धंदा विकला गेला आणि त्याला किंग्जफर्ड हे नाव मिळालं. ते नाव कारखान्याच्या गावाचं, आणि गावाचं नाव फोर्डच्या नात्यातल्या एडवर्ड किंग्जफर्डवरून. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने पाण्यावर तरंगणाऱ्या धातूच्या बोयाचे दोन भाग करून झाकणाचं गोल ग्रिल बनवलं. तेच आजचं वेबरचं किटली ग्रिल.

हे झाकण महत्त्वाचं आहे. आपल्याकडे कणीसवाला शेगडीला पंख्याने वारा घालतो, उघड्या निखाऱ्यावर कणीस फिरवतो आणि पाच मिनिटांत लिंबू-तिखट-मीठ चोळून हातात देतो. कणसाला, पापडाला, सुक्या बोंबलाला ते पुरतं. पण चिकनची तंगडी तशी भाजली तर बाहेरून काळी आणि हाडाजवळ कच्ची राहते. झाकण लावलं की ग्रिलची भट्टी होते, उष्णता सगळीकडून लागते. शिवाय आत हवा कमी जाते, त्यामुळे चरबी ठिबकून भडकणारे जाळ आटोक्यात राहतात. खालच्या आणि वरच्या झरोक्यांनी आच कमीजास्त करायची. उघडले की आच वाढते, मिटत आणले की उतरते. हा आपल्या पंख्याचाच प्रकार, फक्त उलट बाजूने.

कोळसा पेटवायला लायटर फ्लुइड नको असं आमचं स्पष्ट मत आहे. रॉकेलचा वास भरताला कोणाला हवाय? पत्र्याचा चिमणी स्टार्टर मिळतो. खाली वर्तमानपत्राचा बोळा, वर कोळसा, एक काडी. पंधरावीस मिनिटांत वड्यांवर राखेचा पांढरट थर आला की ओता. सगळ्या ग्रिलभर पसरू नका, एका बाजूला लोटा. म्हणजे अर्ध्या जाळीखाली निखारे आणि अर्ध्याखाली काही नाही. चिकन आधी रिकाम्या बाजूला झाकण लावून शिजू द्यायचं आणि शेवटी निखाऱ्यांवर आणून खरपूस करायचं. वाटणात साखर किंवा मध असेल तर हे फारच गरजेचं, नाहीतर मसाला जळून कडू होतो. शिजलं की नाही हे रंगावरून ठरवू नका. छोटा थर्मामीटर घ्या: कोंबडीला १६५ डिग्री फॅरनहाइट, खिम्याच्या कबाबांना १६०, माशाला १४५. आणि कच्चं चिकन ज्या ताटातून आणलं त्यात भाजलेलं परत ठेवायचं नाही!

गॅसचं ग्रिल सोयीचं हे खरं. ऑफिसमधून आल्यावर दहा मिनिटांत तापतं. पेटवताना झाकण उघडं ठेवा आणि हंगामाच्या सुरुवातीला नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते बघा. पण वासाची गंमत कोळशात आणि लाकडात आहे.

धुराचं म्हणाल तर मिशिगनमध्ये राहणाऱ्यांची चंगळ आहे. चेरी आणि सफरचंद ही दोन्ही लाकडं इथली, त्यांचा धूर सौम्य, मासे-कोंबडी-पनीरला छान. लाकूड पाण्यात भिजवायची गरज नाही. भिजलेलं लाकूड आधी वाफ सोडतं आणि वाळल्यावरच धूर. पांढरा दाट धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाहीये, त्याने अन्न कडवट होतं. पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर हवा. पाइनचं लाकूड नको, आणि जुन्या डेकच्या फळ्या तर मुळीच नकोत. २००३ अखेरपर्यंत घरगुती डेकसाठी विकल्या जाणाऱ्या प्रक्रिया केलेल्या लाकडात आर्सेनिक असायचं. लीलनॉ काउंटीत लेलंडच्या फिशटाऊनला गेलात तर धुरावलेला व्हाइटफिश जरूर खा. मिठाच्या पाण्यात मुरवून मंद धुरात शिजवलेला असतो. सुक्या बांगड्यावर वाढलेल्या माणसाला तो परका वाटत नाही.

आता भरीत. जळगावकडे हिरवी, मोठी भरिताची वांगी तुरीच्या किंवा कपाशीच्या काड्यांवर भाजतात. त्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. इथे जांभळी गोल मिळतात, ती बियाळ असतात, म्हणून हाताला हलकी लागणारी निवडा. दोनचार टोचे मारा, तेलाचा हात फिरवा आणि थेट निखाऱ्यांवर ठेवा. साल पूर्ण काळी होऊन वांगं मऊ पडेपर्यंत चिमट्याने फिरवत राहायचं. मग पातेल्याखाली दहा मिनिटं झाकून ठेवलं की साल अलगद निघते. ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, पातीचा कांदा, शेंगदाणे, कोथिंबीर. ओव्हनमध्ये भाजलेल्या वांग्याला हे सगळं घातलं तरी ते भाजीच राहतं, भरीत होत नाही.

रायगडची मंडळी पोपटीची आठवण काढतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, चिकन, ओवा, मीठ. मडकं उलटं ठेवून भोवती जाळ, पाण्याचा थेंबही नाही. इथे भांबुर्डा नाही. पण बिडाच्या जाड भांड्यात कोबीची किंवा केळीची पानं लावून, झाकण घट्ट बसवून, किटली ग्रिलमध्ये बटाटे, रताळी, ओवा लावलेलं चिकन चांगलं होतं. नाव मात्र पोपटी देऊ नका, अलिबागकर भांडतील. कुंडीच्या दुकानातलं मातीचं भांडं यासाठी वापरू नये, ते अन्नासाठी बनवलेलं नसतं आणि आचेवर तडकू शकतं.

शाकाहारी-मांसाहारीचा प्रश्न अवघड मानू नका, पण हसण्यावारीही नेऊ नका. पिकनिकला फक्त कोशिंबीर खाऊन घरी गेलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. साधा उपाय म्हणजे शाकाहारी पदार्थांची जाळी आणि चिमटा वेगळा ठेवायचा, त्यांचं आधी भाजायचं, आणि हे पाहुण्यांना न विचारता सांगायचं. विचारायची वेळ आली की माणूस संकोचाने 'चालेल हो' म्हणतो. स्टोनी क्रीकसारख्या पार्कमधल्या बसवलेल्या ग्रिलवर आधी कोणी काय भाजलं कोण जाणे, तेव्हा आपली जाळी घरूनच न्या.

आता एक गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला. बाळंतपणासाठी आई किंवा सासूबाई भारतातून येतात. सोबत वावडिंग, बाळंतशोपा आणतात, आणि बाळ-बाळंतिणीला शेक-शेगडी, ओव्याची धुरी द्यायची असते. शेगडी नसली की लक्ष जातं ग्रिलकडे. चार निखारे घमेल्यात घेऊन बेडरूममध्ये. हे कृपया कधीही करू नका. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि धूर दिसेनासा झालेल्या लालभडक निखाऱ्यातूनही तो निघतच असतो. आपल्या कौलारू घरांत वारा कुठून ना कुठून यायचा. मिशिगनची घरं थंडीसाठी बंदिस्त बांधलेली, त्यात बाळासाठी खिडक्या लावलेल्या. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, पेंग येणं ही लक्षणं फ्लूसारखी वाटतात, पण ताप नसतो. तसं वाटलं तर सगळ्यांनी आधी घराबाहेर पडायचं आणि मग ९११ ला फोन. आईंना 'इथे चालत नाही' एवढंच सांगितलं तर त्या मनातून खट्टू होतात. कारण सांगा. बाळंतिणीच्या कंबरेला गरम पाण्याची पिशवी द्या, बाळाचं डॉक्टरांना विचारा.

वीज गेली तरी हेच लागू. १४ ऑगस्ट २००३ ला सगळं डेट्रॉइट अंधारात होतं, फेब्रुवारी २०२३ च्या बर्फाच्या वादळातही या भागात लाखो घरांची वीज गेली. ग्रिल गरजेला उपयोगी पडतं, पण अंगणात. गॅरेजमध्ये नाही, गॅरेजचं दार उघडं ठेवूनही नाही. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी बाल्कनीत ग्रिल ठेवण्याआधी लीज वाचावं, बऱ्याच ठिकाणी मनाई असते. डाळीला किंवा पनीरला वाटीत निखारा ठेवून तुपाची धुरी द्यायची ती बाहेर ग्रिलपाशीच द्या, निखारा तिथे तयार असतोच. राख मात्र त्याच रात्री कचऱ्यात टाकू नका. पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, घरापासून दूर, दोन दिवस राहू द्या. वरून गार दिसणाऱ्या राखेच्या पोटात विस्तव असतो.

स्वीट कॉर्नचा हंगाम जुलैअखेर सुरू होतो. सोलून थेट निखाऱ्यावर भाजा. गोड असतं, त्यामुळे तिखट-मीठ हात सैल सोडून लावा.